होडीच्या फटी बुजवताना

माझ्या लिहिण्याच्या टेबलाच्या खणात सिलिकॉनची एक अर्धी वापरलेली नळी आहे. तोंडाशी ती कधीच वाळून घट्ट झाली आहे, म्हणजे आता तिचा कुणालाच उपयोग नाही. आमची ही खण आवरताना दर वेळी विचारते, "ही टाकू का?" आणि मी दर वेळी "राहू दे" म्हणतो. का राहू द्यायची, ते आज सांगतो. गोष्ट थोडी लांब आहे आणि तीत माझी फजिती आहे. फजिती म्हणतो खरा, पण तो शब्द जरा सौम्यच झाला.

कर्लीच्या खाडीकाठी आमचे गाव. पलीकडच्या तीरावर आमची वडिलोपार्जित नारळाची वाडी. रस्त्याने जायचे तर भला मोठा वळसा पडतो, होडीने वीस मिनिटे. ही होडी १६ फुटी, सागवानी फळ्यांची, आमच्या वडिलांनी बांधून घेतलेली. वडिलांमागे ती दादाने, म्हणजे माझ्या थोरल्या भावाने, सांभाळली. मी पडलो मास्तर. होडीत बसून पलीकडे जायला मी पुढे, आणि तिची डागडुजी करायला दादा. दर पावसाळ्यात ती मांगरात ओढून ठेवायची आणि नारळी पौर्णिमेच्या आत तिच्या फटी भरून, तेल लावून तयार ठेवायची, हा दादाचा नेम. मी ओसरीवर उत्तरपत्रिका नाहीतर वर्तमानपत्र घेऊन बसलेला असायचो आणि मांगरातून ठक ठक आवाज येत राहायचा. तो काय ठोकतो आहे, हे मी चाळीस वर्षांत एकदाही उठून पाहिले नाही.

२०२३ साली दादा गेला. होडी मांगरात ओढली ती तिथेच राहिली. पुतण्या पुण्याला. तो म्हणाला, "काका, देऊन टाका कुणाला तरी." त्याचे चुकले नव्हते. पण वहिनीचा चेहरा पाहिला आणि मी म्हणालो, "मी करतो दुरुस्त." मनात आणखीही एक होते. दिवाळीच्या सुट्टीत मुलगी आणि नातू येणार होते. नातू दहा वर्षांचा, ठाण्याला वाढलेला. त्याला आजोबांनी स्वतः दुरुस्त केलेल्या होडीतून वाडीत न्यायचे, असे चित्र मी रंगवले होते.

होडी बाहेर काढली तर फळ्याफळ्यांतून उजेड दिसत होता. दोन वर्षे कोरडी पडलेली होडी, लाकूड आक्रसलेले. काही फटींत सहज नखे जात होती. मी तालुक्याच्या गावी हार्डवेअरच्या दुकानात गेलो आणि म्हणालो, "पाणी आत येऊ नये म्हणून फटीत भरायचे काहीतरी द्या." होडीचे नाव काढले नाही. कारण विचाराल तर, दुकानात दोन-चार ओळखीची माणसे होती आणि गुरुजी या वयात होडी दुरुस्त करायला निघाले, अशी चर्चा मला नको होती. दुकानदाराने न्हाणीघरात, वॉशबेसिनच्या कडेला लावतात ती सिलिकॉनची नळी दिली. मी विचारले तसे त्याने दिले, त्यात त्याचा काही दोष नाही. मी चार नळ्या घेतल्या.

घरी येऊन त्या बंदुकीसारख्या यंत्रात नळी बसवली आणि फटींवर रेघा ओढत गेलो. व्हिनेगरसारखा आंबूस वास सगळ्या मांगरात भरला. काम इतके झटपट आणि गुळगुळीत झाले की मला वाटले, दादा उगाच पंधरा-पंधरा दिवस ठोकत बसायचा!

दुसऱ्या दिवशी गड्याच्या मदतीने होडी पाण्यात ढकलली. अर्ध्या तासात घोटाभर पाणी. सिलिकॉन कुठे रबराच्या दोरीसारखे लोंबत होते, तर कुठे एका फळीला चिकटून दुसरीपासून सुटले होते.

इथे मी थांबायला हवे होते. आमच्या वाडीपासून दोन हाकांच्या अंतरावर होड्या बांधणारा मेस्त्री राहतो. दादाच्या हाताखाली नाही, पण दादाबरोबर त्याने पुष्कळ काम केलेले. त्याला विचारले असते तर गोष्ट इथेच संपली असती. विचारले नाही याची कारणे मी स्वतःला दोन सांगितली. एक, त्याची आठवडाभराची मजुरी. दुसरे, ही जुनी माणसे, जुन्याच पद्धतीने करणार. तिसरे कारण मी तेव्हा स्वतःलाही सांगितले नाही. हा मेस्त्री माझा विद्यार्थी. आठवीतून त्याने शाळा सोडली तेव्हा मी त्याच्या घरी गेलो होतो आणि त्याच्या वडिलांना म्हणालो होतो, "लाकडावर पोट भरत नाही. पोराचे नुकसान करू नका." हेतू चांगला होता. पण ते वाक्य तो मुलगा दारामागे उभा राहून ऐकत होता, आणि ते त्याच्या आणि माझ्या दोघांच्याही लक्षात राहिले आहे.

तर मी विचारले नाही. हाताला आले तेवढे सिलिकॉन ओरबाडून काढले आणि या वेळी दोन गोळे एकत्र मळून लावायची, दगडासारखी कडक होणारी लांबी आणली. ही इपॉक्सी. आधीचे नरम होते म्हणून सुटले, आता कडक आणू, असा माझा तर्क. सगळ्या फटी काठोकाठ दाबून भरल्या. होडी पाण्यात सोडली आणि काय सांगू, थेंब नाही! आठ दिवस ती धक्क्याला बांधून ठेवली. रोज सकाळी जाऊन पाहायचो, तळ कोरडा. वहिनीला नेऊन दाखवली. ती काही बोलली नाही, पण काठावर हात ठेवून बराच वेळ उभी राहिली.

नवव्या दिवशी नातवाला घेऊन निघालो. मुलगी आजीबरोबर फराळाच्या गडबडीत होती. तिला म्हणालो, "जरा काठाकाठाने फिरवून आणतो." काठाकाठाने जायचे नव्हते, वाडीत जायचे होते. पोराच्या अंगात तरंगणारे जाकीट नव्हते, कारण आमच्या घरात ते कधी कुणी घातलेच नव्हते.

खाडीच्या मध्याच्या थोडे अलीकडे असताना तळातून 'कट्' असा आवाज आला. मोठा नव्हता. वाळलेली काटकी मोडावी, तेवढाच. मग नातू म्हणाला, "आजोबा, माझे पाय ओले झाले." पाहतो तर उजवीकडच्या एका फळीला खिळ्यापाशी लांब चीर गेलेली, आणि डावीकडे लांबीची हातभर पट्टी अख्खी निघून लोंबत होती. पाणी झऱ्यासारखे येत होते. ओहोटी लागलेली होती आणि होडी मुखाकडे ओढली जात होती.

मी वल्ही मारीत होतो आणि पोर फराळाच्या डब्याने पाणी उपसत होते. डब्यातल्या चकल्या पाण्यात तरंगत होत्या. मी त्याला "काही होत नाही रे, काही होत नाही" असे सारखे म्हणत होतो, आणि आपण खोटे बोलतो आहोत हे मला ठाऊक होते. आमचे नशीब एवढेच, की ओहोटीमुळे वाळूचा एक पट्टा उघडा पडू लागला होता. त्याला होडी लागली. आम्ही गुडघाभर पाण्यात उभे राहिलो. जवळच पाग टाकणारा एक माणूस होता, त्याने आपल्या होडीतून आम्हाला काठावर आणले आणि आमची होडी मागे बांधून ओढली.

काठावर आल्यावर नातवाने विचारले, "आजोबा, आईला सांगायचं का?"

मी म्हणालो, "नको."

सगळ्या आयुष्यात मुलांना खरे बोलायला शिकवले. आणि हे माझे उत्तर. दोन रात्री झोप लागली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी मुलीला अंगणात बोलावून सगळे सांगितले. ती चिडली असती तर बरे झाले असते. ती शांतपणे एवढेच म्हणाली, "बाबा, तुम्हाला पोहता येतं. त्याला येत नाही." आणि भाऊबीज झाल्यावर चार दिवस आधीच परत गेली.

मग मी मेस्त्रीकडे गेलो.

त्याने जुने काही काढले नाही. आला, होडीला एक प्रदक्षिणा घातली, चिरलेल्या फळीवरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, "गुरुजी, लाकूड पाणी पिता तेवा फुगता. तेका फुगाक जागा होयी. तुमी तेका दगड चावूक दिलात."

एवढ्या एका वाक्यात माझी चूक त्याने सांगितली. लाकूड लांबीच्या दिशेने जवळजवळ बदलत नाही, पण रुंदीत मात्र ते ओले झाले की फुगते आणि वाळले की आक्रसते. आक्रसलेल्या लाकडाच्या रुंद फटीत मी न दबणारी लांबी काठोकाठ भरली. आठ दिवसांत फळ्या फुगल्या. त्यांना सरकायला जागा नाही. तो सगळा दाब गेला खिळ्यांवर आणि फळीच्या कडेवर, आणि आम्ही दोघे बसून वल्ही मारताना पडलेल्या ताणाने फळी फाटली. डावीकडची पट्टी निघाली ती वेगळ्या कारणाने. सिलिकॉन खरवडले तरी त्याचा तेलकट अंश लाकडात राहतो, आणि त्यावर नंतर ना रंग नीट धरत, ना लांबी, ना दुसरे सिलिकॉन. म्हणजे माझी पहिली चूक दुसऱ्या चुकीच्या खाली दडून बसली होती.

मग त्याने मला तीन प्रश्न विचारले. मी शाळेत मुलांना विचारायचो तसेच, एकेक बोट मोडत.

"फट खंय आसा, पाण्याखाली काय वर? ती हलता काय गप ऱ्हवता? आणि उद्या ती कोण उघडतलो?"

पहिले दोन मला समजले. तिसरा समजला नाही. तो समजला सांधे साफ करताना.

होडी पुन्हा मांगरात आली. डिसेंबरभर ती वाळू दिली. जानेवारीत साफसफाई सुरू झाली, आणि ती मी करायची, असे मीच ठरवले. आकड्यासारख्या वाकवलेल्या पोलादी हत्याराने सांध्यातला माल ओढून काढायचा. सिलिकॉन आणि इपॉक्सी काढायला मला अकरा दिवस लागले. इपॉक्सी निघताना लाकडाच्या चिपा घेऊनच निघे. सिलिकॉन निघता निघत नसे, मग तेवढा लाकडाचा थर तासूनच काढावा लागे. पण त्यांच्याखाली, सांध्याच्या खोल भागात, दादाचे काम होते. मेस्त्रीने आकडा टेकवला आणि हलकेच ओढला. काळपट, राळेत भिजलेली कापसाची दोरी हातभर लांब, न तुटता बाहेर आली. लाकडाला ओरखडा नाही.

"दादांचां काम ह्यां," मेस्त्री म्हणाला. "बघा, सुटता कसा."

तेव्हा तिसरा प्रश्न कळला. दादाने दर वर्षी फटी भरल्या त्या पुढच्या वर्षी उघडता येतील अशा बेताने. पुढच्या वर्षी तो स्वतःच उघडणार होता, तरीही. आणि शेवटच्या वर्षी भरल्या, त्या कोण उघडणार हे त्याला माहीत नव्हते, तरीही. मी भरल्या त्या जणू आता होडीला पुन्हा कुणी हातच लावणार नाही, अशा.

आता ज्यांच्याकडे लाकडी होडी आहे, त्यांच्यासाठी मेस्त्रीकडून आणि नंतर थोडे वाचून मला जे कळले ते नीट लिहून ठेवतो.

फळ्यांमधला सांधा हा हलणारा. तिथे मुख्य काम करतो तो कापूस. सैल पिळलेली सुताची दोरी बोथट पटाशीने आणि लाकडी हातोड्याने सांध्यात बसवायची. सांधा आत अरुंद आणि बाहेर रुंद हवा, म्हणजे दोरी आरपार जात नाही. आणि ठोकायचे ते बेताने. वाजवीपेक्षा जास्त ठासले तर फुगताना फळ्या बरगड्यांवरून सुटतात, म्हणजे माझ्या लांबीने केले तेच कापूसही करू शकतो. दादाची ती ठक ठक इतकी सावकाश का असायची, ते आता कळले.

कापसावर थर राळेचा. राळेची पूड तेलात मंद आचेवर विरघळवायची. हे घराबाहेर, मोकळ्या जागी करायचे, कारण तेल आणि राळ दोन्ही पेट घेतात. थेंब पाण्यात टाकून चिमटीत दाबून पाहायचा. तडकला तर तेल कमी पडले, बोटाला फासला गेला तर राळ कमी. वहिनी काठावर बसून हे पाहत होती. म्हणाली, "पाकाची परीक्षाच की ही." आमच्याकडे दादा उंडीचे कडू तेल वापरायचा, काही जण मुशीच्या काळजाचे तेल वापरीत. जहाजांच्या तळाला चुना आणि तेल खलून लावण्याची पद्धतही आपल्या किनाऱ्यावर होती. परदेशात शिशाची लाल किंवा पांढरी पूड जवसाच्या तेलात कालवून वापरीत, पण शिसे विषारी, त्या वाटेला कुणी जाऊ नये.

नळीत मिळणारे नवे पदार्थ वाईट नाहीत, हे मला इथे मुद्दाम सांगायचे आहे. नाहीतर तुम्ही म्हणाल, गुरुजींनी हात भाजून घेतले आणि आता जुने तेवढे सोने म्हणतात. तसे नाही. प्रत्येकाची जागा वेगळी आहे.

पॉलिसल्फाइड हा रबरासारखा, वर्षानुवर्षे लवचीक राहणारा पदार्थ. पाण्याखाली टिकतो, इंधनालाही दाद देत नाही, म्हणून विमानांच्या इंधनटाक्यांतही वापरतात. पाण्याच्या टाक्यांचे सांधे भरायला बांधकामवाले तो आणतात, त्यामुळे आपल्याकडेही मिळतो. पण सुकायला सावकाश, आणि काही प्रकारच्या प्लास्टिकला तो खातो. कापसावर राळेऐवजी हा भरता येतो.

पॉलियुरेथेन हवेतल्या ओलाव्याने पक्का होतो. लवचीक राहतो, पण चिकटतो मात्र विलक्षण. जे दोन भाग पुन्हा कधी वेगळे करायचे नाहीत तिथेच तो वापरावा. उद्या काढायची कडी त्याने बसवली तर कडीबरोबर लाकूडही निघायचे.

सिलिकॉन पाण्याच्या वर, काचेच्या किंवा खिडकीच्या कडेला ठीक. आंबूस वासाच्या सिलिकॉनमधून सुकताना आम्ल सुटते आणि ते धातूला, म्हणजे खिळ्यांनाही, बाधते. लाकडी होडीच्या तळाला ते नको.

इपॉक्सी कडक आणि पाण्याला उत्तम. मोडलेला तुकडा जोडायला, कुजका भाग कोरून तिथे लाकूड चिकटवायला, फायबरच्या होडीची दुरुस्ती करायला त्यासारखे दुसरे नाही. आमच्या चिरलेल्या फळीची चीर मेस्त्रीने इपॉक्सीनेच जोडली, कारण ती गप राहणारी जागा होती. पण दोन फळ्यांच्या मधल्या सांध्यात ते नको. फायबरच्या होड्यांना वापरतात ते पॉलिएस्टर रेझिन लाकडाला कच्चेच धरते, तेही लक्षात ठेवावे.

सागवान मुळात तेलकट. त्यावर नळीतले काहीही लावण्याआधी पुसण्याच्या द्रवाने तेल टिपून घ्यावे. आणि कोणताही लवचीक पदार्थ सांध्याच्या दोन बाजूंनाच चिकटावा, तळाला नाही. तिन्ही बाजूंनी धरला की सांधा रुंदावताना त्याला ताणायला वाव राहत नाही आणि तो मधोमध फाटतो. कापूस खाली असतो तेव्हा ही काळजी बरीचशी आपोआप घेतली जाते.

साफसफाई चालू असताना, संक्रांतीच्या सुमारास, वर्तमानपत्रात 'कौंडिण्य' जहाजाची बातमी आली. नौदलाचे हे जहाज गोव्यात बांधले. अजिंठ्याच्या लेण्यातल्या एका चित्रावरून त्याचा आराखडा केला आणि फळ्या खिळ्यांनी नव्हे, काथ्याच्या दोरीने शिवल्या. सांध्यांत काथ्या आणि नैसर्गिक राळ. मे २०२५ मध्ये कारवारला ते नौदलात दाखल झाले, डिसेंबरअखेर पोरबंदरहून शिडावर निघाले आणि जानेवारी २०२६ मध्ये मस्कतला पोचले. शिवलेल्या जहाजाचे वैशिष्ट्य असे की लाटेचा मार बसला की ते थोडे लवते. मी बातमी मेस्त्रीला वाचून दाखवली. तो म्हणाला, "बरोबर आसा." आणि पुन्हा ठोकायला लागला. त्याला त्यात आश्चर्य काहीच वाटले नाही.

मला मात्र आणखी एक गोष्ट आठवली. मुंबईच्या गोदीत वाडियांनी बांधलेले 'ट्रिंकोमाली' हे सागवानी जहाज १८१७ साली पाण्यात उतरले आणि आज ते इंग्लंडमध्ये हार्टलपूलला जपून ठेवलेले आहे. दोनशे वर्षे ते टिकले, ते सागवानामुळे, असे आपण म्हणतो, आणि ते खरेच आहे. पण दोनशे वर्षांत कितीदा तरी त्याची उघडझाक झाली असणार. कुणीतरी भरले, दुसऱ्याने काढले, पुन्हा भरले. त्या माणसांची नावे कुठे लिहिलेली नाहीत.

आमची होडी मार्चमध्ये तयार झाली. पाण्यात सोडण्याआधी मेस्त्रीने ती धक्क्याजवळच्या उथळ पाण्यात नेऊन आतून पाण्याने भरली आणि दोन दिवस तशीच ठेवली. लाकूड पाणी प्यायले, फुगले, सांधे मिटले. तिसऱ्या दिवशी पाणी उपसले. पहिले काही दिवस थोडी पाझरली, मग थांबली. मजुरी किती, म्हणून विचारले तर त्याने सहा दिवसांचीच सांगितली. मी म्हणालो, "बारा दिवस तरी आलास की." तो म्हणाला, "बाकीचे दिवस तुमका शिकवूक इललंय. ते कसे मोजू?"

त्याच वेळी मी त्याला ते जुने वाक्य आठवते का, असे विचारले. खरे तर माफी मागायची होती. तो हातोडा पुसत म्हणाला, "बापूस सांगा, गुरुजी घराकडे इले होते. दुसऱ्या खंयच्याय पोराच्या घराकडे इले नाय." माझ्या मनात ते वाक्य वेगळेच जपून राहिले होते आणि त्याच्या घरात वेगळेच. मला पुढे बोलवेना.

मे महिन्यात मुलगी येईल की नाही, ही धास्ती होती. आली. नातवाने या सहा महिन्यांत ठाण्याच्या तरणतलावात पोहणे शिकून घेतले होते, तिनेच शिकायला घातले होते. मी तीन तरंगणारी जाकिटे आणून ठेवली होती. नातू होडीकडे धावला, तेव्हा तिने त्याला थांबवले. आधी ती स्वतः जाकीट घालून होडीत बसली. म्हणाली, "बाबा, पहिल्यांदा मला न्या."

आम्ही दोघेच पलीकडे गेलो आणि परत आलो. ती सारा वेळ तळाकडे पाहत होती. काठाला लागल्यावर तिने वाकून तळावरून हात फिरवला आणि मग मुलाला हाक मारली.

आता ती खणातली नळी. तिच्यावर बारीक अक्षरांत इंग्रजीत एक ओळ छापलेली आहे. पाण्यात कायम बुडालेल्या जागी वापरू नये, अशा अर्थाची. पहिल्या दिवसापासून ती तिथेच होती. प्रश्न दोनदा वाचा, मग उत्तर लिहा, असे मी वर्गात आयुष्यभर सांगत आलो. ही ओळ मी पहिल्यांदा वाचली ती होडी बुडता बुडता वाचल्यानंतर, चष्मा लावून, याच टेबलाशी बसून. म्हणून नळी राहू दिली आहे.

असो. यंदाही १ जूनला मासेमारी बंद होईल, ती ३१ जुलैपर्यंत. गावातल्या होड्या काठावर चढतील, आमचीही मांगरात जाईल. मेस्त्री म्हणाला आहे, आता हातोडा तुम्ही धरा, मी बाजूला बसतो. नातवाला राळ कशी विरघळते ते पाहायचे आहे. त्याची शाळा तोवर सुरू झालेली असेल, पण आई म्हणाली आहे, बघू.